घंगाळात डास होत नाहीत

४ ऑगस्ट, सकाळी ७
अक्षता पंधरा सप्टेंबरला येणार. पहिलं बाळंतपण, माहेरीच व्हायला पाहिजे. पोरीची अट एकच, घरात डास नकोत. जशी काय कसब्यात माणसं राहतच नाहीत. महिन्यात एक डास ठेवणार नाही.
बाळाची पहिली आंघोळ माझ्या घंगाळात. तांब्याचं, माझ्या हातानं ठोकलेलं. अक्षतालाही त्यातच घातलेली. सध्या मोरीपाशी भरून ठेवलंय. गुरुवारी नळ कोरडा असतो.

६ ऑगस्ट
डास शेजारच्या अनंताच्या कुंड्यांतून येतात. तोंडावर सांगितलं. म्हणाला, काका, फुलं प्लास्टिकची आहेत, पाणी कोण घालतंय?
उद्धट.

१३ ऑगस्ट, दुपारी
महापालिकेची मुलगी आली, प्रियदर्शनी नावाची. घंगाळात टॉर्च मारून म्हणाली, आजोबा, अळ्या आहेत. म्हटलं, चाळीस वर्षं तांबं ठोकलंय, तांब्यात किडा जगत नाही. म्हणाली, आतून कल्हई आहे की, पाण्याला तांबं लागतंय कुठं?
कल्हई मीच केलेली. आमची बायको वेणू हसली. हिला हसायला कारण लागत नाही.
जाताना भाषण. नुसतं ओतू नका, आतून घासा, कोरडं करा, दर आठवड्याला. अंडी कडेला चिकटतात, पुन्हा पाणी लागलं की आठ-दहा दिवसांत डास.

संध्याकाळी
ओतलं. वळवळ सगळी गटारात. घासणार नाही. घासलं की कल्हई जाते. ती पोरगी करून देणार आहे का?
परत भरलं. उद्या गुरुवार.

२३ ऑगस्ट
डास दुप्पट. पांढऱ्या पट्ट्यांचे, भर दिवसा चावतात. अनंताच्या कुंड्याच.
कॉइल लावली, कापूर जाळला, कडुलिंबाचा धूर केला. वेणू म्हणाली, आता तेवढं घर जाळायचं राहिलंय.

२९ ऑगस्ट
वेणू काथ्या घेऊन घंगाळापाशी. म्हटलं, हात लावायचा नाही. म्हणाली, बरं, तुमचं घंगाळ, तुमचे डास.

४ सप्टेंबर
ताप. साधा. हवा बदलली की येतो. अक्षताला कळवू नये.

७ सप्टेंबर, हॉस्पिटल
डेंग्यू. डॉक्टरनं विचारलं, घरात पाणी साठवता का? म्हटलं, शेजाऱ्याच्या कुंड्या आहेत. वेणू म्हणाली, घंगाळ आहे.
अक्षताला कळवलंच हिनं.

१४ सप्टेंबर
घरी आलो. अक्षताचा फोन. रडत होती. म्हणाली, बाबा, मी नाही येत, डॉक्टर नको म्हणतात. म्हटलं, अगं, आजच ओततो सगळं. तोवर फोन तिच्या सासूबाईंकडे गेलेला. त्या म्हणाल्या, आपण विश्रांती घ्या.

१८ ऑक्टोबर
मुलगी झाली परवा. आज व्हिडिओवर पहिली आंघोळ दाखवली. गुलाबी प्लास्टिकचा टब, त्यावर बेडूक. अक्षतानं विचारलं, बाबा, कसा आहे? म्हटलं, छान आहे.
दुपारी घंगाळ घासलं. वीस मिनिटं लागली.
कल्हई जागची हलली नाही.