महिना भरायच्या आत

फांगल्याव, ९ जुलै १९७४

चि. आखिंगला बाबांचे आशीर्वाद आणि न पाहिलेल्या नातवाला पापा.

लुकांगहून निघून पाच दिवस झाले. डांबर चाकाला चिकटतं आणि सायकलच्या दांडीचा चटका बसतो. चौकीतले पोलीस पाणी पाजतात, वर विचारतात की आजोबा, ट्रेनने का गेला नाहीत? त्यांना काय सांगू? तू तीन दिवस अडलीस तेव्हा माझूमाईला नवस बोललो होतो की दोघं सुखरूप सुटलात तर बाळाला बघायला स्वतःच्या पायांनी येईन, इंजिनाच्या गाडीत बसणार नाही. तुझी आई म्हणते, बोलण्याआधी नकाशा तरी बघायचा.

अठराला बाळाचा महिना भरतो. आजोळचे कपडे त्या दिवशी माझ्याच हातून त्याच्या अंगावर चढायला हवेत. नाहीतर तुझ्या सासरचे म्हणतील, आजोळ उन्हाला भ्यायलं.

उत्तर ताइतुंगच्या पोस्टात पाठव. आमचा लोभ उन्हाने आटणारा नाही.

बाबा


यूली, १२ जुलै

ती. बाबांना आखिंगचा सा. न. वि. वि.

तुम्ही उन्हात, मी भट्टीत. सासूबाईंनी खिडक्या लावून घेतल्यात, पंखा माळ्यावर टाकलाय, अंघोळ बंद. तिन्हीत्रिकाळ आलं आणि तिळाच्या तेलातली गरम कोंबडी. बाळाला जवळ घेतलं की माझ्या अंगाच्या वासाने तेही तोंड फिरवतं. अठराला खिडकी उघडायची आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं, एवढ्याच आशेवर दिवस काढतेय.

आता महत्त्वाचं. काल मी देवळात जाऊन माझूमाईला कौल लावला. तीनदा होकार आला, म्हणजे नवस फिटला. ताइतुंगहून मुकाट्याने ट्रेनमध्ये बसा. तुमचं वय सदुसष्ट आहे, सतरा नाही.

माया आहे तशीच असू द्या.

आखिंग


ताइतुंग, १५ जुलै

चि. आखिंगला आशीर्वाद.

लबाड! बाळंतिणीला महिनाभर देवळाची पायरी चढता येत नाही, हे तुझ्या बापाला ठाऊक नसेल होय? आधी हसलो, मग रडू आलं. शेवटी मीच इथल्या देवळात कौल लावला. तीनदा नकार.

लपवत नाही. शुक्रवारी दावूच्या चढावर चक्कर येऊन पडलो. एका सुपारीवालीने सावलीत ओढून मीठपाणी पाजलं, म्हणून हे पत्र लिहितोय. इथला डॉक्टर म्हणतो, दुपारी पुन्हा पडलात तर उठणार नाही. पण नुसतं पहाटे चालवलं तर चार दिवस लागतील आणि महिना हुकेल. म्हणून परवा निघून दुपारचंही रेटणार आहे. तोवर देवळाच्या धर्मशाळेत आहे. रागावू नकोस.

बाबा


यूली, १६ जुलै

ती. बाबांना नमस्कार.

तुमचे जावई हे पत्र घेऊन आजच्याच गाडीने येताहेत, स्वतःची सायकलही आणताहेत. ते तुमच्या शेजारून चालवतील. त्याला मदत म्हणू नका, सोबत म्हणा. माझूमाई सोबतीला नाही म्हणणार नाही.

तुमचं पत्र वाचून मी खूप रडले. सासूबाईंना सगळं सांगितलं, देवीच्या नावावर खोटं बोलल्याचंसुद्धा. त्यांनी आणखी एक वाडगा कोंबडी पुढ्यात ठेवली. मग मीच म्हटलं की आजोबा दारात आल्याशिवाय बाळाचा महिना भरला असं आपण मानायचं नाही. त्यांनी मान डोलावली.

तेव्हा फक्त पहाटे चालवा. ऊन चढलं की थांबा. चार दिवस लागोत, नाहीतर दहा. अठराला मी खिडकी उघडणार नाही, अंघोळीच्या पाण्यालाही हात लावणार नाही. तुम्ही सावलीत बसा, मी इथे बसते. सावकाश या, बाबा.

तुमची
आखिंग