आमच्या गल्लीत नको

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि ही मला घरात ओरडू देत नाही, म्हणून पत्र. बातमी आनंदाची आहे. पालिका आमच्या बागेच्या कोपऱ्यात ओल्या कचऱ्याचं खत करायचं केंद्र काढणार होती. रहिवासी मंडळाचा अध्यक्ष म्हणून मी शिष्टमंडळ घेऊन गेलो आणि साहेबांना असं फैलावर घेतलं की त्यांनी बेतच गुंडाळला. मंडळाने माझा सत्कार केला. गैरसमज नको, खताला माझा विरोध नाही. हवामानबदलावरची माझी व्याख्यानं चालूच आहेत. पण प्रत्येक गोष्टीला जागा असते ना? भाऊजींना नमस्कार.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


ता. १४ मार्च

चि. धाकट्यास,

भरपूर आशीर्वाद. सत्काराचा फोटो यांनी पेपरात पाहून मला दाखवला. पोट सुटलंय तुझं. व्याख्यानं खुर्चीत बसून देतोस की काय? इकडे ठीक. शिवणाचं मशीन खिडकीपासून आतल्या खोलीत हलवलंय. खिडक्या हल्ली बंदच ठेवतो, त्यामुळे उकडतं, पण चालायचंच. शेजारच्या सुनेचं तान्हं खोकून खोकून लालबुंद व्हायचं, शेवटी ती त्याला घेऊन माहेरी गेली. तू येणार होतास, पण सध्या नकोच येऊस. पुढे बघू. तुझ्या बायकोला सांग, तुझं जेवण कमी कर म्हणावं.

आठवण ठेवतोस, तशीच ठेव.

तुझी,
ताई


ता. ६ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि. कसं लिहू कळत नाही. तू येऊ नकोस म्हणालीस, त्यानेच जिवाला घोर लागला आणि परवा न कळवता निघालो. जुन्या गिरणीच्या वळणावरच नाकाला रुमाल लावावा लागला. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याच्या गाड्यांची रांग होती. एका गाडीवर आमच्या विभागाचं नाव. ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, प्रत्येक विभागाने आपल्या कचऱ्याचं खत आपल्याकडेच करायचं ठरलं होतं. पण एकेकाने हात झटकले. सुरुवात केली वरच्या भागातल्या कुणा मोठ्या आवाजाच्या म्हाताऱ्याने. आता सगळ्यांचा कचरा इथल्या एकाच केंद्रात येऊन कुजतो. मी नुसती मान हलवली, जणू तो म्हातारा माझ्या ओळखीचाच नाही.

तुमच्या जिन्यापर्यंत आलो. वर यायचा धीर झाला नाही. तुला सगळं ठाऊक होतं, तरी चकार शब्द काढला नाहीस. उद्याच साहेबांना गाठून ते केंद्र तुमच्या गल्लीतून हलवायला लावतो.

रागाव, पण तोडू नकोस.

तुझा,
धाकटा


ता. १२ एप्रिल

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. तुला यांनी वरून पाहिलं होतं. हाक मारू का म्हणाले. मीच नको म्हटलं, वाटलं येशील. दार उघडून ठेवलं होतं मी.

तुझ्या आनंदावर विरजण घालवेना, म्हणून लिहिलं नव्हतं. आणि खरं सांगू? पेपरातला तो माणूस माझा भाऊ आहे, हे मी शेजारणीलाही अजून सांगितलेलं नाही. जिन्यात तिची नजर चुकवते.

केंद्र हलवशील, पण कुठे? दुसऱ्या कुणाच्या बहिणीच्या दारात? आमच्यासाठी साहेबांकडे मुळीच जायचं नाही. एकच विचारते. मी या गल्लीत राहत नसते, तर तुला लाज वाटली असती का?

उत्तर सावकाश दे, पण दे.

तुझी,
ताई


ता. २२ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. साहेबांकडे गेलो नाही. मंडळाची सभा बोलावली आणि आपला कचरा आपण परत आणू या म्हणालो. पहिल्यांदाच माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला नाही. कुणी हसलं. खजिनदारांनी तिथल्या तिथे राजीनामा मागितला, तो दिला. मग माझ्या बाजूने हिने हात वर केला. हिचं बघून आणखी चार घरांनी. बागेचा कोपरा काही मिळाला नाही, तेव्हा आमची चारचाकी विकून तिच्या जागी खताच्या टाक्या बांधल्या आहेत. रोज मीच कालवतो. पाच घरांचाच कचरा थांबला गं. बाकीचा अजून तुमच्याकडेच येतो.

काल तुमच्याकडे यायच्या आधी मी शेजारच्या दारात थांबलो होतो, हे तुला बोललो नाही. तुझ्या शेजारणीला म्हणालो, तो फोटोतला मीच, आणि मी ताईचा भाऊ. तिने बसा म्हटलं नाही. नातू अजून परत आलेला नाही, एवढंच म्हणाली.

तूही काल समोर बसून तो प्रश्न पुन्हा काढला नाहीस. त्याचं उत्तर मी घरी येऊन आधी ‘हो’ असं लिहिलं होतं. मग तो कागद फाडला. लाज नसती वाटली, ताई.

हे वाचूनही भाऊ म्हणवशील, एवढीच आशा.

तुझा,
धाकटा