लोहाऱ्याहून आलेलं कार्ड

१२ फेब्रु. ८६, येरमाळा
सोलापूरला डॉ.ना दाखवून आले. आतड्याचा आजार, त्यांच्या भाषेत क्रोन्स. गोळ्यांना चार वर्षं झाली. "रक्त थांबलं, वजन टिकलं. छान चाललंय बाई." छान! तोंड भाकरीसारखं फुगलंय, त्याचं काय? म्हणे गोळीमुळं. "एकदम सोडायची नाही हं, जिवावर बेतेल. कमी करत आणू."

१९ फेब्रु.
टँकर. दुष्काळात सगळ्यांच्या गालाची हाडं वर आली अन् मी फुगतेय. एक बाई म्हणाली, "हिला आतून कोण जेवू घालतंय?" कुणी हसलं न्हाई. सगळ्यांनी घागरी माझ्यापासून लांब सरकवल्या.
डेअरीत मी दुधाची फॅट तपासते. तिथंबी एक म्हातारी, "माज्या दुधाला तू हात लावू नगं." अस्सा राग आला! घरी येऊन रडले.

२ मार्च
शकूचं कार्ड, लोहाऱ्याहून. सोलापूरच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर होती. तोच आजार, त्याच गोळ्या. लिहिते, "म्या गोळ्या टाकून दिल्या. तोंडाची सूज उतरली. लोक बोलायला लागले."
आजपासून माझ्याबी बंद. ह्यांना सांगितलं न्हाई.

७ मार्च
गाल जरा बसले. उठताना डोळ्यांपुढं अंधारी, उन्हाचं असंल. टँकरवर त्याच बाईनं घागर उचलून दिली. लई बरं वाटलं.

११ मार्च
शकूचं आणखी एक कार्ड. सासूबाईंनी दारातच अडवलं. "आत आणू नगं गं, कोपरा फाडलाय!" मयताचं कार्ड तसंच येतं. बाहेर वळचणीला उभं राहून वाचलं. अक्षर शकूचंच. "मी बरी आहे. भूक न्हाई, पण लई हलकं वाटतंय. तू सोडल्यास का?" बस. तारीख न्हाई. मयताचा शब्द न्हाई.
हे म्हणतात, टपालात फाटलं असंल. असंल की! पण तिच्या घरात लिहिणारी ती एकटीच. नवरा अंगठा लावतो. तिनं लिहून ठेवलेलं कार्ड त्यानं कोपरा फाडून पेटीत टाकलं असंल तर? कळवायला दुसरं काय होतं त्याच्याजवळ?
सासूबाईंनी कार्ड फाडलं, मला टँकरच्या पाण्यानं अंघोळ घातली. उद्याच्या पहिल्या एसटीनं हे लोहाऱ्याला जाणार. माझ्या गोळ्यांचं त्यांना अजून सांगवत न्हाई. बाटली पुढ्यात घेऊन बसले आहे.
सकाळपासून काही खाल्लं न्हाई. भूकच न्हाई. लई हलकं वाटतंय.