हसरं डोकं

४ ऑक्टोबर
आजपासून हे घर माझं. पाडायला काढलंय, टेकडीवरची ही गल्ली कधीच ओस पडलीय, पण शूटिंग संपेपर्यंत किल्ली माझ्या खिशात. शेवटच्या वर्षाच्या ग्यु-री ताईनं आपल्या फिल्मच्या सेट आणि प्रॉपर्टीचं काम पहिल्या वर्षाच्या पोरीला दिलं म्हणून कॉलेजात बऱ्याच जणांची तोंडं वाकडी झाली. होऊ देत. पडद्यावर ‘कलादिग्दर्शन : हाम सो-दाम’ असं आलं की आईला गावाहून बुसानला आणून दाखवणार आहे.

गोष्ट साधी आहे. एक मुलगी आईच्या श्राद्धाचं पान उचलतच नाही. ते सडत जातं आणि शेवटी ती त्याच्यासमोर बसून जेवते. म्हणजे मला सडकं स्वयंपाकघर उभं करायचंय. आज कापूस पिंजून जवाच्या चहात भिजवला, वरून हिरवा रंग फवारला. झकास बुरशी झाली. बोरांच्या बिया रंगवून झुरळं केली, ग्लिसरीनमध्ये कोंडा कालवून भिंतीवर ओघळ सोडले. कॅमेरा करणारा थे-ओ दादा आत आला आणि नाक दाबून बाहेर पळाला. वास कशालाच नव्हता. मी पोट धरून हसले.

७ ऑक्टोबर
शूटिंगआधीची पूजा झाली. उकडलेलं डुकराचं डोकं हसरंच हवं म्हणून ताईनं बाजार पालथा घातला होता. मिळालं तेही असं, की गालाला खळी पडेल असं वाटावं. त्याच्या तोंडात नोटा खोचल्या, तांदळाची दारू ओतली, सगळ्यांनी जमिनीला कपाळ टेकवलं. मग मी रीतीप्रमाणे डोकं कापून वाटायला सुरी आणि तोंडी लावायला खारवलेल्या जवळ्याची वाटी घेऊन आले, तर ताईनं हात धरला. म्हणाली, डोकं कापायचं नाही, सेटवरच्या श्राद्धाच्या पानाच्या मधोमध ठेवायचं. शेवटच्या शॉटपर्यंत खरोखरचं सडेल.

थे-ओ दादाला पटलं नाही. पूजेतलं डोकं त्याच दिवशी वाटून संपवायचं असतं, हे काय शिकवायला हवं?

“नैवेद्य दाखवून परत फडताळात ठेवायचा? असं कुणी करतं का?”

“तू कॅमेरा सांभाळ. देवाचं मी बघते.”

माझा कापूस ताईला पुरेसा वाटला नाही, याचा राग आला. पण नाव पडद्यावर यायचंय, म्हणून मी सुरी धुऊन ठेवली.

१२ ऑक्टोबर
डोकं सडत नाही. आत्ताच पातेल्यातून काढल्यासारखं तुकतुकीत आहे, कातडीला गोडूस वास येतो. बिघडलंय ते माझं काम. कापसाची बुरशी मी लावली नव्हती तिथेही पसरलीय. आज खरवडायला गेले तर ओली, कोमट लागली, आणि खालच्या भिंतीतून पांढऱ्या तंतूंचा गुंता ओढत बाहेर आला. नखांत अडकलेलं निघता निघत नाही. एक झुरळ चिकटवलं त्या जागी नव्हतं. सापडल्यावर चपलेनं दाबलं. त्यातून पिवळा चीक निघाला. मी मागच्या दारी जाऊन ओकले.

१४ ऑक्टोबर
दुपारी बाहेरून भाताच्या गुंडाळ्या मागवल्या. ताज्या होत्या, गरम होत्या. पहिला घास जिभेवर गेला आणि त्याला लव फुटली. थुंकला तर हिरवा गोळा. सगळ्यांचं तेच, नायिकेचंसुद्धा. फक्त मेकअप करणारी चापून जेवली. ती पूजेला नव्हती.

थे-ओ दादा म्हणाला, आता तरी कापू या. ताईनं डोक्याला हात लावू दिला नाही. अजून सडलं नाहीये, म्हणे.

१६ ऑक्टोबर
खोलीवर जाऊन आईनं पाठवलेली किमची उघडली. तोंडाजवळ नेताच बुळबुळीत झाली. पाणीसुद्धा शेवाळलेलं लागतं. डॉक्टर म्हणतात काही झालेलं नाही, नीट जेवत जा. आईला फोनवर सांगितलं की खूप जेवते. पोटात आग पडलीय, आणि अन्नाचं नाव काढलं की शिसारी येते.

१७ ऑक्टोबर
थे-ओ दादा कॅमेऱ्यामागे कोसळला. तेव्हा कुठे ताई कबूल झाली. सगळे पानाभोवती बसलो. वाटून खायचं, संपवायचं, सुटायचं. सुरी माझ्या हातात दिली. कातडी सरकन् फाटली—

आत कापूस. पिंजलेला. जवाच्या चहाचा वास. माझ्या हातचा कापूस. मांसाची एक चिंधी नाही. ताई दोन्ही हातांनी उपसत होती—

१८ ऑक्टोबर
सकाळी आरशात पाहिलं. गाल तुकतुकीत. ओठांचे कोपरे वर गेलेत, खाली येत नाहीत. हातांनी ओढले, तरी नाही.

कापूस तिकडे, त्या डोक्यात आहे. मग तिकडचं मांस इकडे—

सेटवर शिरले तर सगळे माझ्याकडे वळले. नाकं वर करून हुंगायला लागले. गोडूस वास. कुणालाच ओकारी आली नाही. माझीच मला येतेय—आणि शी—माझ्याही तोंडाला पाणी सुटलं—

ताईनं मला पानाच्या मधोमध बसवलंय. प्रकाश बघायचाय म्हणाली. मी वही सोडली नाही. थे-ओ दादानं दार लावून घेतलं. जवळ्याची वाटी आणलीय. ओरडायला जाते तर तोंड नुसतं हसतं—

सगळे कपाळ टेकवताहेत. माझ्यासमोर. कुणीतरी माझ्या दातांत नोट—

ताई रडतेय. माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाली, “रागावू नकोस, सो-दाम. या वेळी काही मागे ठेवणार नाही. आजच्या आज सगळं—”

आईला सांगा, मी