यजमानांचे वाजवी मूल्य

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय पूर्वी मूल्यमापन आणि हल्ली औषधे वेळेवर घेणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी माझ्याशी एकोणतीसच्या पाढ्याची पैज लावावी. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही; सूनबाई चहाच्या निमित्ताने दोनदा डोकावून गेली, तो मी दबाव धरत नाही. यापूर्वीची माझी मृत्युपत्रे, एक रागाच्या भरात केलेले आणि एक विमानात बसण्याआधी, आजपासून रद्द समजावीत.

कलम एक. मूल्य कसे धरायचे.
मी उभी नोकरी एका कंपनीचे शेअर, रोखे, कर्जे आणि देणी यांचे वाजवी मूल्य ठरवण्यात घालवली. घरात माझे कोणी ऐकले नाही, म्हणून आता कायद्याने ऐकवते. वाजवी मूल्य म्हणजे आपण वस्तू कितीला घेतली ते नव्हे, आणि आपल्याला ती कितीची वाटते तेही नव्हे. नीट माहिती असलेला, कसलीही घाई नसलेला परका माणूस आजच्या तारखेला तिच्यासाठी जे मोजेल, ते. देणे असेल तर उलटे: ते दुसऱ्याच्या गळ्यात घालायला आपल्याला जे मोजावे लागेल, ते. ज्याच्या गळ्यात घालायचे त्याचीही खुशी हवी.

कलम दोन. माझे शेअर.
शेअरचा भाव रोज बाजारात जाहीर होतो, तेव्हा भांडायला जागा नाही. मी जाईन त्या दिवशीचा बंद भाव धरून निम्मे थोरल्या मुलाला, निम्मे धाकट्या मुलीला. "आई आठवडाभर आधी गेली असती तर" असे कोणी मनातही आणू नये.

कलम तीन. राहता फ्लॅट, माझ्या कमाईचा.
अगदी असाच वरचा फ्लॅट नुकताच विकला गेला. त्या भावातून आपल्या बाथरूमची गळती वजा करावी. थोरल्याने तळमजल्याच्या भावाचा दाखला देऊ नये. तिथला माणूस कर्ज गळ्याशी आल्यावर मिळेल त्या पैशात विकून मोकळा झाला, आणि अशी नाइलाजाची विक्री आम्ही धरत नाही. फ्लॅट कोणाला, ते कलम सहामध्ये आहे. आत्ताच पाने उलटू नयेत.

कलम चार. माझी फिरती खुर्ची, जुन्या साहेबांना.
जिला बाजार नाही आणि जिच्यासारखी दुसरीही नाही, अशा वस्तूला स्वतःचे अंदाज लावावे लागतात आणि ते लेखी उघड करावे लागतात. साहेब नुसतेच अंदाज लावत. "बाई, मूल्य म्हणजे मी सांगतो तो आकडा," असे म्हणत. एका वर्षी आमच्या कंपनीची पत पार ढासळली. पत ढासळली की कंपनीच्या स्वतःच्या देण्यांचे मूल्य घसरते, कारण पैसे परत येतील अशी आशा कोणी धरत नाही. आणि देणे घसरले म्हणून कागदावर चक्क नफा दिसतो. साहेबांनी त्या नफ्याचा सगळ्या खात्याला चहा पाजला! खुर्चीचे एक चाक निखळलेले आहे. बसताना त्यांनी जपावे, किंवा जपू नये.

कलम पाच. नणंदबाईंचा प्रेशर कुकर.
हा त्या कित्येक वर्षे परत मागत होत्या. डॉक्टरांनी माझे रिपोर्ट पाहून मान हलवली, तेव्हापासून त्यांनी विषय काढलेला नाही. माझी पत ढासळल्यामुळे झालेला हा नफा मी आनंदाने स्वीकारते. कुकर आमच्याकडेच राहील. शिट्टी हवी तर न्यावी.

कलम सहा. माझे यजमान.
माझ्यामागे ह्यांचे काय, हीच खरी काळजी. वरची कलमे मी हात बसावा म्हणून लिहिली. वय पंचाहत्तर, स्थिती चालू. रेडिओ उघडतात, पण परत जोडत नाहीत. टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईशी वाद घालतात आणि हरतात. मुले ह्यांना देणे समजू लागली आहेत अशी मला कुणकुण लागली, म्हणून मी रीतसर भाव काढला: ह्यांना सांभाळायला काय घ्याल?

थोरला म्हणाला, "आई, असं काय विचारतेस? बाबा आमचेच आहेत. फक्त फ्लॅट माझ्या नावावर कर, म्हणजे त्यांना वेगळी खोली देता येईल."

धाकटी म्हणाली, "मी नेते ना त्यांना! सहा महिने. उरलेले सहा दादाने बघावेत. आणि तुझ्या बँकेतल्या ठेवी माझ्याकडे असू देत, औषधपाण्याला."

मी रागावले नाही. घरची माणसे परकी नसतात, त्यामुळे त्यांचा भाव तसाही ग्राह्य धरत नाहीत. मग समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना विचारले. त्या एकट्या असतात.

"मला काही नको हो," त्या म्हणाल्या. "उलट माझी गाडी लावायची जागा मीच तुम्हाला देते. घरात वाद घालायला माणूस हवं."

म्हणजे हे देणे नव्हतेच, मालमत्ता निघाली! बाजारात मागणीसुद्धा आहे! त्या दुपारी मी ह्यांच्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहिले, आणि डॉक्टरीणबाईंकडेही.

एवढे झाल्यावर लक्षात आले, की खुद्द ह्यांनाच विचारायचे राहिले. हे गॅलरीत खाली वाकून स्क्रू शोधत होते. मी सगळे भाव वाचून दाखवले आणि म्हटले, "बोला, कुणाकडे जाता? काय द्यायचं ते मी देते."

ह्यांनी सापडलेला एक स्क्रू खिशात टाकला. मग तसेच खाली बघत म्हणाले, "आणि तू थांबायचं काय घेशील?"

"आज बाजार बंद आहे," असे म्हणून मी आत गेले आणि पोटभर रडले.

सबब, फ्लॅट, ठेवी आणि कुकर यजमानांना, पूर्ण मालकीने. हे कोणाकडेही जाणार नाहीत. ज्यांना हवे असतील त्यांनी दाराची घंटा वाजवून ह्यांच्याकडे यावे. डॉक्टरीणबाईंनी वाद घालायला जरूर यावे आणि दिवेलागणीला आपल्या घरी जावे.

हे लिहिले ते वाचून, समजून, दोन साक्षीदारांच्या देखत सही करत आहे. यजमानांना लाभ मिळत असल्याने त्यांना साक्षीदार होता येत नाही. ते शेजारी बसले आहेत आणि पेन द्यायला तयार नाहीत.

ठिकाण: गॅलरी
दिनांक: ९ मार्च
सही: मी (पेन्सिलीने)
साक्षीदार: १. खालचे शिंपीकाका २. औषधांच्या दुकानवाले