केंद्र चौदा

३ ऑक्टोबर

आज नगरपालिकेत रुजू झाले. खोली लहान, पण खिडकीतून नदी दिसते आणि वारा छान येतो. आधी हे काम पाहणाऱ्या ओदिलियाबाईंनी खुर्ची, संगणक आणि न्याहारीची गरम बालेआदा, घेवड्याचं सारण भरलेली पोळी, अशा तिन्ही गोष्टी माझ्या हवाली केल्या. काम सोपं आहे. राजधानीतल्या जलखात्याच्या, हवामान खात्याच्या सूचना आरएसएस फीडमधून आपोआप एका यादीत येतात; एकेक संकेतस्थळ उघडत बसावं लागत नाही. न वाचलेल्या ठळक, वाचलेल्या फिकट. धोक्याची सूचना आली की खिडकीजवळचं भोंग्याचं बटण दाबून धरायचं. बोट काढलं की गप्प बसतो, आमच्या ह्यांच्यासारखा, असं म्हणून बाई हसल्या. मग सेलेस्तिनो आठवून एकदम ओशाळल्या.

मीही हसले. अकरा महिन्यांनी.

माझा नवरा सेलेस्तिनो धरणाखालच्या केंद्र चौदावर नदीची पातळी मोजायचा. गेल्या नोव्हेंबरात धरणाचे दरवाजे उघडले आणि केंद्रासकट तो वाहून गेला. खालच्या आळीतली आणखी सहा माणसं गेली. इशारा आलाच नव्हता, असं नगराध्यक्ष डॉन अबुंदियो सांगतात. म्हणूनच ही नोकरी मागितली. माझ्या हातून तरी सूचना चुकू नये.

५ ऑक्टोबर

जुन्या सूचना चाळल्या. इशारा आला होता. ११ नोव्हेंबर, दुपारी १.५०. ‘केंद्र १४. पातळी ५.६० मीटर, झपाट्याने वाढत आहे. निरीक्षक जागेवर आहे.’

फिकट. त्याच मिनिटाला एकशे बारा सूचना फिकट झाल्या आहेत. वर एक बटण असतं: ‘सगळे वाचले’.

ओदिलियाबाईंना विचारलं. म्हणाल्या, अहो वहिनी, जत्रेचा दिवस, दोनला बँड निघायचा, यादी ही एवढी तुंबलेली. रोजच दाबायचे मी, त्यात काय!

त्यात काय. सात माणसं. नोंदवहीत बटण दाबणाऱ्याचं नाव नाही. त्यांनी पुढे केलेली कॉफी मी तशीच ठेवली.

९ ऑक्टोबर

दुपारी १.५०ला एक ठळक सूचना आली. केंद्र १४. पातळी १.१०. निरीक्षक जागेवर आहे.

तिथे केंद्रच नाही, नुसता खडक आहे. नदीत गोटे उघडे पडलेत, बायका कपडे धुताहेत. डॉन अबुंदियोंना दाखवलं. म्हणाले, संगणकाचा चावटपणा आहे वहिनी, काढून टाका ते केंद्र यादीतून, आणि मेलेल्याला जरा झोपू द्या.

मी काढून टाकलं.

१३ ऑक्टोबर

काढलं तरी येतंय. दर तासाला. २.४०. ३.१५. नदी कोरडीच. प्रत्येक सूचनेच्या शेवटी तीच ओळ, निरीक्षक जागेवर आहे. का होतास जागेवर? सायकल होती. टेकडी शंभर पावलांवर. भोंगा इथे वाजणारच नव्हता, आणि तू तिथे आकडे पाठवत बसलास. मला न विचारता.

१४ ऑक्टोबर, दुपारी

आता दर मिनिटाला. ४.९० — टेबलावर ओला गाळ, मी पुसला, पुन्हा आला — दोनशे ओळी, तीनशे — ‘नेरेइदा, वाच.’ — नाही वाचणार. गेलास ना मेल्या? मग जा —

‘सगळे वाचले’ दाबलं.

यादी फिकट. शांत.

१.५४

त्याच्या ओळींमध्ये एक वेगळी होती. जलखात्याची. खरी. धरणाचे दरवाजे दीड वाजता उघडणार. ती मी फिकट केली. मी.

भोंगा चालू आहे. डावा हात बटणावर. उजव्याने लिहितेय, कारण नाव कुठेतरी असायला हवं. ‘सगळे वाचले’ मी दाबलं. नेरेइदा मोंकादा.

बायका वर चढताहेत — एक टोपलीसाठी मागे फिरली — टाक गं ती, चढ — पाणी आपल्या पायऱ्यांवर —

पडद्यावर ठळक. केंद्र १४. ५.६० —

बोट काढलं तर गप्प बसेल — अजून दोघी खाली — आता कळलं रे, सेलेस्तिनो —

निरीक्षक जागेवर