कऱ्हाटीचा ढोल, बंगळूरचा शनिवार

॥ बिरोबा प्रसन्न ॥

कऱ्हाटी, ता. बारामती
८ जानेवारी २०२५

चि. सुकन्या हीस बिरदेवमामाचे आशीर्वाद. आशीर्वाद रिवाज म्हणून लिहिले आहेत. या वेळी ते मनापासून आहेत असा गैरसमज करून घेऊ नये.

तू माझा नंबर ब्लॉक केल्याचं आमच्या विशालच्या फोनवरून कळलं. माझ्या मुलाचा मेसेज तुला पोचतो, माझा पोचत नाही. ठीक आहे. पोस्टमनला अजून कुणाला ब्लॉक करता येत नाही. शिवाय फोनवरचं बोलणं माणूस नंतर फिरवतो, कागदावरचं फिरवता येत नाही.

मुद्द्यावर येतो. तुझं लग्न तेवीस फेब्रुवारीला. एक फेब्रुवारीचा शनिवार मी तुझ्या केळवणासाठी धरला होता आणि हे पळसदेवपासून पणदऱ्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. बोकड सांगून ठेवला होता. आता ऐकतो की त्याच शनिवारी नवरीबाई मैत्रिणींना घेऊन बंगळूरला निघाल्या, लग्नाआधीची मौज करायला. याला तुम्ही लोक काय पार्टी म्हणता ते विशालनं सांगितलं. तो शब्द मी या कागदावर लिहिणार नाही. बोकड अजून जिवंत आहे, तुझ्या बेताचा फायदा झाला असेल तर एवढाच.

आणि कशासाठी, तर म्हणे तिथं गाणं-बजावणं फार छान चालतं. गच्चीगच्चीवर बँड असतो, लोक जेवता जेवता ऐकतात. जेवता जेवता ऐकतात ते संगीत नव्हे, ती चटणी. ज्या मुलीच्या सख्ख्या मामाचा गजी ढोल पंचक्रोशीत वाजतो, तिनं ऐकायला बंगळूरला जावं? मी कुणा उस्तादाच्या पायाशी बसलो नाही. जळालेल्या मोटारी उलगडून वायडिंग शिकलो, तसाच ढोलाचा हात न् हात, एकेक ठेका, स्वतः उलगडून शिकलो. त्यावर तू वरातीला बारामतीचा डीजे ठरवलास.

तेव्हा नीट वाच. भटजी माइकवरून मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं असं पुकारतील, तेव्हा मी मांडवात नसेन. अंतरपाटाच्या वेळी तुझ्या पाठीशी कुणाला उभं करायचं ते आत्तापासून बघ. ढोलही येणार नाही.

लोभ होता. पुढचं तुझ्या वागण्यावर.

तुझा मामा,
बिरदेव

*

पळसदेव, ता. इंदापूर
१४ जानेवारी २०२५, संक्रांत

ती. मामास सुकन्याचा सा. न. वि. वि.

सोबत तिळगूळ आहे. रिवाज म्हणून पाठवला आहे. गोड बोलायची अट दोन्ही बाजूंनी माफ.

नंबर मी ब्लॉक केला हे खरं. तुमचे व्हॉइस मेसेज एवढे लांब असतात की दवाखान्यात माझी ड्युटी सुरू होते तेव्हा लावलेला मेसेज सुटीपर्यंत मला शिव्याच देत असतो. मोठी सिस्टर म्हणाली की तुझे मामा बहुतेक श्वास न घेता बोलतात, एकदा तपासून घे.

डीजेचं मात्र सरळ लिहिते, कारण तुम्ही ते वाकडं लिहिलंय. आजवर तुम्ही एकाही भाचीच्या पाठीशी उभे राहिलेला नाहीत. दर लग्नात तुमच्या गळ्यात ढोल, आणि मुलीमागे कुणीतरी मानलेला मामा. माझ्या साखरपुड्यात मात्र तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत की सुकन्याच्या पाठीशी मी स्वतः उभा राहणार. मी रडले होते, आठवत असेल. लगेच पुढं म्हणालात की त्या दिवशी माझ्या ढोलाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मग वाजवायचं कुणी? बिरोबानं? म्हणून अविराजनं डीजे सांगितला. नवरदेवाची चूक असेल तर एवढीच, की त्यानं तुमचा शब्द पाळला.

बंगळूरचं म्हणाल तर आम्ही जाणार. मी, माझी मैत्रीण स्वरूपा आणि दवाखान्यातल्या दोघी. शुक्रवारी दौंडहून गाडी, सोमवारी परत. गच्चीवर बसून बँड ऐकू, मोठ्यानं हसू, आणि आमची जेवणं आम्ही वाढणार नाही, दुसरं कुणीतरी वाढेल. याहून भयंकर काही करायचं सुचलं तर आधी कळवीन.

आणि पाचवी आई आहे. मी नेत नाही, ती येते आहे. परवा भाकरी थापता थापता तिनं विचारलं की मी आले तर तुम्हा पोरींची अडचण होईल का. तुमच्या बहिणीनं आजवर कुठं जायचं म्हणून तोंड उघडलेलं मी तरी ऐकलं नाही.

लोभ आहेच. तो वाढवू नये, आहे तेवढाच पेलत नाही.

आपली भाची,
सुकन्या

*

॥ बिरोबा प्रसन्न ॥

कऱ्हाटी
१९ जानेवारी २०२५

चि. सुकन्या हीस आशीर्वाद.

तिळगूळ पोचला. गूळ जास्त शिजलाय, दाढ दुखते.

नकोशीला नेतेस? लेकीच्या लग्नाचे पापड वाळत घालायचे दिवस, आणि आई परमुलखात गच्चीवर बसणार! तिला तिथली भाषा येत नाही, तिखट नसलं की ती जेवत नाही, सरकता जिना तिनं पाहिलेला नाही. तू नर्स असशील, पण भाऊ मी हाय तिचा.

तुमचा बेत विशालकडून मागवून पाहिला. असला अडाणी बेत मी आजवर पाहिला नाही. परतीच्या गाडीत दोघींच्या जागा एका डब्यात आणि तिघींच्या दुसऱ्या. स्टेशन एका टोकाला, उतरायचं दुसऱ्या टोकाला. पाण्याची सोय विचारलेली नाही. स्वेटर न्या, ते गाव उंचावर आहे. मी जाऊ नका म्हणतोच आहे, पण जायचंच असेल तर माणसानं शिस्तीत जावं, मेंढरं सुटल्यासारखं नव्हे.

म्हणून वडीलधाऱ्या माणसानं करायचं ते मी केलं. लॉजचा नंबर मिळवून मॅनेजरला फोन लावला आणि स्वच्छ हिंदीत समजावलं की येणाऱ्या बायका घरंदाज आहेत, हा लग्नाआधीचा घरगुती कार्यक्रम आहे, दारू त्यांच्या आसपास फिरकू द्यायची नाही आणि गच्चीचा यांना काही उपयोग नाही. तो दर वाक्याला ओके सर म्हणत होता. माणूस सज्जन वाटला.

पाठीशी उभं राहण्याबद्दल माझं मत तेच आहे. उलट आता पक्कं झालं.

माया आटली नाही, पण पातळी खाली गेली आहे.

बिरदेव

*

पळसदेव
४ फेब्रुवारी २०२५

ती. मामास न. वि. वि. या वेळी साष्टांग नाही, नुसताच.

तुमच्या सज्जन मॅनेजरला काय समजलं ते ऐका. गच्ची नको, म्हणजे बुकिंग नको. त्यानं आमची गच्ची आणि त्याखालच्या दोन्ही खोल्या एका कंपनीच्या लोकांना देऊन टाकल्या. आम्ही पाचजणी बॅगा घेऊन त्याच्या दारात उभ्या, आणि तो हात जोडून सांगतोय की तुमच्याच अंकलनी प्रोग्रॅम घरगुती आहे म्हणून सांगितलं, मला वाटलं घरीच करणार. वर बँड सुरू होता. दुसऱ्यांसाठी. आणि स्वेटरच्या बॅगा आम्ही घामानं भिजत वाहत होतो.

मामा, त्या वेळी तुम्ही समोर असतात तर मी मोठा-लहान पाहिलं नसतं. माझा मोकळा असा तो एकच शनिवार होता. तुम्ही तो कऱ्हाटीत बसून, फोनवरून, अडाणी हिंदीत मोडलात.

पुढचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आईनं लिही म्हटलं म्हणून लिहिते.

स्वरूपानं बरीच फोनाफोनी करून गावाच्या कडेला एका देवळाची धर्मशाळा मिळवली. संध्याकाळी देवळामागं ढोल सुरू झाले. आमच्यासारखेच मोठे, गळ्यात अडकवलेले. तिकडं डोळ्ळू म्हणतात. वाजवणाऱ्या सगळ्या बायका. चाळिशीच्या, पन्नाशीच्या, कासोटा घालून, उड्या मारत वाजवत होत्या. आईनं खुणेनंच विचारलं की देव कुठला. एक बाई म्हणाली, बीरेश्वर. आईला एवढंच कळलं आणि पुरलं. आपला बिरोबाच की हा, असं म्हणून तिनं चपला काढल्या, कपाळाला भंडारा लावला आणि त्या बाईच्या हातातली काठी मागितली.

आणि मामा, तिनं तुमचा हात वाजवला. यात्रेत पालखी उठताना तुम्ही वाजवता तो. धीम्यापासून उठावापर्यंत, सगळा. त्या बायका आधी थांबल्या, मग तिच्यामागून वाजवायला लागल्या. मी विचारलं की हे कधी शिकलीस. ती म्हणाली, दादा ओट्यावर बसून ढोल घोटायचा तेव्हा आत भाकरी कोण थापत होतं?

व्हिडिओ विशालला पाठवलाय. बघा किंवा बघू नका.

लग्नाचंही एकदाच सांगते. मी दुसरा मामा उभा करणार नाही, मानलेला नाही आणि भाड्याचाही नाही. भटजींनी पुकारलं की मी एकटी चालत येईन आणि माझ्या पाठीशी जागा रिकामी राहील. ती बघायला सगळा गाव असेल.

लोभाचा विषय तूर्त नको.

सुकन्या

*

॥ बिरोबा प्रसन्न ॥

कऱ्हाटी
९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. नकोशीस दादाचे आशीर्वाद.

तुला कधी पत्र लिहिलं नव्हतं. लिहायला कारण पडलं नव्हतं. तुझ्या लेकीशी माझं बोलणं नाही, म्हणून हे तुला.

लॉजवाल्यानं गैरसमज करून घेतला. मी बोललो ते बरोबरच होतं, त्याचे कान चुकीचे.

व्हिडिओ पाहिला. पुन्हापुन्हा पाहिला, चूक सापडावी म्हणून. सापडली. उठाव घेण्याआधी एक दम खायचा असतो, तो तू खाल्ला नाहीस. घाई केलीस. डावा पंजा पुरता चपटा पडतो, भाकरी थापल्यासारखा. तो खळगा धरून पडला पाहिजे. काठीची मूठ घट्ट आहे. उभी राहतेस तीही पाय जुळवून, म्हणून दुसऱ्या फेऱ्यात ढोल तुला ओढतो. बाकी हात आहे. तो कुणी शिकवला नसताना आला, हे मी मान्य करतो, कारण माझाही तसाच आला.

डीजेचं म्हणशील तर त्याला काय कळतं? शेवटची अक्षता पडते, भटजी वाजवा म्हणतात, आणि त्या शब्दाच्या पाठोपाठ पहिली थाप पडावी लागते. डीजे बटन शोधत बसतो. ती थाप आजवर मी कधी चुकवली नाही. पण माणूस दोन ठिकाणी उभा राहू शकत नाही. पाठीशी उभं राहायचं तर ढोल नाही, ढोल धरायचा तर पाठ रिकामी.

ढोल विशालच्या गाडीतून पाठवतो आहे. कातड्याची पानं उन्हात तापवून ठेव, पण थेट उन्हात नको, गोणपाट टाकून. उजेडणीच्या पाण्याची हवा तुमच्याकडं दमट असते, पानं उतरतात. वाजव असं मी म्हणत नाही. वाजवू नको असंही म्हणत नाही. तापवून ठेव म्हणतो.

लेकीला सांग, जागा रिकामी ठेवायची धमकी मला देऊ नये. असल्या धमक्या मीच शिकवल्यात तिला.

तुझा दादा,
बिरदेव

*

पळसदेव
१४ फेब्रुवारी

ती. दादास नकोशीचा नमस्कार.

पोरगी म्हनली मी लिहून देते. म्हनलं न्हाय, माझं मी लिहिते. अक्षर वाकडं हाय, वाचून घे.

ढोल आला. तापवून ठेवलाय. तू सांगायच्या आधीच गोणपाट टाकलं व्हतं. आनि उजेडणी न्हवं, उजनी. घाईत लिहितोस आनि मला घाई करू नको म्हनतोस.

दम खाल्ला न्हाय म्हनतोस, ते खरं. कसा खानार? तू दम खायचास तवा आतून आई भाकरी मागायची. त्यो तेवढा दम मला कधी ऐकूच आला न्हाय. दोन दिस झालं तेवढाच घोटतीया.

पन पंजा माझा हाय तसाच ऱ्हानार. चपटा. भाकरीचाच हात हाय ह्यो, आनि भाकरी तू खाल्लीस.

आनखी एक. मी धा वर्साची असताना ह्याच ढोलाला हात लावला व्हता. तू ढोल धुतलास, वर भंडारा टाकलास आनि मला परड्यात बशिवलंस. मी इसरले न्हाय. तू इसरला असशील तर बरं, मला आठवन करून द्यायची न्हाय. मी फकस्त सांगून ठेवते, की परवा धुतला न्हाय मी. हाय तसाच गळ्यात घातला.

डीजे आमी वरातीपुरता ठेवलाय, जावयाच्या दोस्तास्नी नाचायला. मांडवात मी वाजवनार. तुझी परवानगी मागत न्हाय. बंगळूरच्या त्या बायास्नीबी कुनी दिली नव्हती.

तू ये. धुतलेला फेटा बांधून ये, पोरीला हाताला धरून आन, आनि तिच्या पाठीशी उभा ऱ्हा. ती रोज तुला शिव्या घालते आनि रोज विचारते की मामाचं पत्र आलं का.

मी मांडवाच्या मागल्या अंगाला असेन, तुझ्या पाठीमागं. भटजी वाजवा म्हनले की पयली थाप माझी. बरोबर पडली तर पडली. चुकली तर तुला ऐकू येईल, तुझे कान मला ठावं हायेत. पन अक्षता पडत असतील, पोरगी समोर असंल. मामानं मागं वळायचं नसतं.

तुझी भन,
नकोशी